शुक्रवारचा गुडघा

तमाम मराठीजनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मी कुवेतमध्ये एका माणसावर सूड उगवला आणि तो एका गुडघ्याच्या साहाय्याने उगवला. गुडघा माझा नव्हता. ज्याच्यावर सूड उगवला त्याचाही नव्हता. तो तिसऱ्याच एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचा होता, आणि आपल्या गुडघ्यावर एवढी राजकारणं चालली आहेत याचा त्या बिचाऱ्यांना शेवटच्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता. सदर निवेदन ऐकताना कोणी उभे राहू नये.

मी फिजिओथेरपिस्ट. जाब्रियातल्या एका खासगी हॉस्पिटलात लोकांना त्यांचे नवे गुडघे वापरायला शिकवते. मूळची चिपळूणची. आमच्याकडे लोणचं आणि राग दोन्ही मीठ घालून मुरवतात आणि वेळ आली की पहिल्या पंगतीला वाढतात. तेव्हा आधी अपराध सांगते, म्हणजे शिक्षा गोड लागेल.

नऊ वर्षांपूर्वी मी इथल्याच एका पुनर्वसन केंद्रात कामाला होते. ऑपरेशन झालेली माणसं तिथे व्यायामाला येत. केंद्राचे व्यवस्थापक मराठीच. त्यांना मी मनातल्या मनात श्रीमंत म्हणायचे, कारण ते खोलीत असे शिरत की पुढे कोणी चोपदार ललकारी देत चालला असावा असं वाटे. खिशाला तीन पेनं, अंगाला ऊदाचं अत्तर. अत्तर आधी यायचं, श्रीमंत मागून.

एका बाईंचा गुडघा सत्तर अंशांपर्यंत वाकत होता. मी फायलीत सत्तर लिहिलं. श्रीमंतांनी त्याचे पंच्याण्णव केले. घरच्यांना प्रगती दिसली पाहिजे, असं त्यांचं तत्त्व. घरचे खूश होऊन बाईंना उमरा यात्रेला घेऊन गेले आणि बसच्या सीटवर त्यांना पाय दुमडून बसता येईना. परत आल्यावर घरच्यांनी केंद्र डोक्यावर घेतलं. श्रीमंतांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. मुलगी नवीन आहे, म्हणाले, चुकून लिहिलं. मुलगी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. माझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि ते त्या लोकांच्या घरी जाऊन वाचायला लावलं. स्वतः सोबत आले. मी उभी राहून वाचत होते आणि ते सोफ्यावर बसून कुनाफा नावाची मिठाई खात होते. माझं वाचून संपलं तेव्हा त्यांनी दुसरी वाटी मागितली.

मी राजीनामा दिला. पण इथे राजीनामा दिला म्हणून माणूस सुटत नाही. जुन्या मालकाचा ‘रिलीज’चा कागद मिळेपर्यंत नव्या ठिकाणी जाता येत नाही. तो कागद चार महिने अडला. कागदपत्रांची कामं करणारा त्यांचा मंदूब रोज “बुक्रा” म्हणायचा, म्हणजे उद्या. आणि श्रीमंत रोज व्हरांड्यात भेटले की जिव्हाळ्याने विचारायचे, जेवलात का बाई. बाकी सगळं मी एखाद्या चांगल्या दिवशी माफ करीन कदाचित. ती जेवणाची चौकशी नाही.

आता दुसरा अंक.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलला एका विमा कंपनीने नवाच करार दिला. पूर्वी सगळं सुटंसुटं असे. ऑपरेशनचं बिल वेगळं, खाटेचं वेगळं, नंतरचा व्यायाम कुठे केला, पट्टी कोणी बदलली, ज्याचं त्याचं वेगळं. पेशंट दारातून बाहेर पडला की आमचा त्याच्याशी संबंध संपला. नव्या करारात एका गुडघ्याची एकच रक्कम: ऑपरेशनपासून पुढचे नव्वद दिवस सगळं त्यात. व्यायाम, घरी येणारी नर्स, पट्ट्या, इंजेक्शनं. वाटून घ्या आपसांत. आणि त्या नव्वद दिवसांत गुडघा आखडला, जखम चिघळली, पेशंट पुन्हा भरती झाला, तर तो तुमच्या पदरात. थोडक्यात, आजवर दारापर्यंत पोचवली की विसरून जायची ती लेक आता नव्वद दिवस आमच्याच घरची.

आमचे संचालक इजिप्शियन, गुडघ्याचे नावाजलेले सर्जन. त्यांना एका रात्रीत साक्षात्कार झाला की आपण गुडघा कितीही सुंदर बसवला तरी पुढे तो दुसऱ्यांच्या हातात जातो. हे दुसरे कोण आहेत हे कोणालाच धड माहीत नव्हतं. मग त्यांनी मला बोलावलं आणि भागीदार शोधण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. एक घरी नर्स पाठवणारी सेवा हवी, एक पुनर्वसन केंद्र हवं, आणि दोघांनी आमच्याशी असं जोडून घ्यायला हवं की पेशंटला सांधा दिसू नये. मला नवं पदनाम मिळालं. नवी खुर्ची मिळाली नाही.

नर्सिंगचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. खैतानमध्ये एका बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वर एका खोलीत दापोलीकडचे एक भाई ही सेवा चालवतात. स्वतः नर्स. हाताखाली चार नर्सेस, दोन गाड्या, आणि भिंतीवर एक पांढरा फळा, त्यावर कोण कुठल्या घरी किती वाजता पोचलं ते लिहिलेलं. पोचलं म्हणजे पोचलं. निघालं ते लिहीत नाहीत. निघणं सोपं असतं, असं भाई म्हणतात. मी तो फळा पाहिला आणि मनात करार करून टाकला.

पुनर्वसन केंद्रांची यादी संचालकांनी दिली. तीन नावं होती. पहिलंच नाव वाचून मी ती यादी उलटी करून टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, आणि पुन्हा सुलटी केली. नाव तेच होतं. देव आहे, आणि त्याला नाटकाची आवड आहे, हे मला तेव्हा पटलं.

माझा पहिला बेत साधा होता. यादीतून नाव उडवायचं. पण संचालक ऐकेनात. त्या केंद्रात पोहण्याचा तलाव होता, नवी यंत्रं होती, घरोघरी थेरपिस्ट पाठवायची सोय होती. ते म्हणाले, एक पेशंट देऊन पाहू, सहा आठवडे, जमलं तर सगळे गुडघे त्यांच्याकडे. मग मी विचार केला, दारातून हाकलण्यात काय मजा. आत घ्यावं, पाट मांडावा, आणि मग वाढावं.

श्रीमंत भेटीला आले ते खजुराची दोन किलोंची पेटी घेऊन. मला वाटलं होतं, मला पाहून चेहरा पडेल. छे. त्यांनी संचालकांसमोर माझ्याकडे हात केला आणि प्रेमाने सांगितलं की यांना आम्हीच घडवलं. मी लाजल्यासारखं केलं. आमच्या शाळेत मी एकदा सीता केली होती, तो अनुभव कामी आला.

मग मी अटी लिहायला बसले. तीन संध्याकाळी लिहिल्या, इतक्या प्रेमाने मी नवऱ्यालाही कधी पत्रं लिहिली नाहीत. एकूण बारा कलमं. त्यातलं सातवं: व्यायाम आठवड्याचे सातही दिवस, शुक्रवार-शनिवारसकट. हे कलम सुडाचं नव्हतं, ते धंद्यातलं सत्य होतं. कुवेतमध्ये शुक्रवार आणि शनिवार सुट्टी. आमच्याकडे ऑपरेशन रविवारी, पेशंट घरी जातो गुरुवारी, आणि घरी पोचतो तोच दोन दिवस सगळा गाव बंद. ताजा गुडघा दोन दिवस तसाच पडला की आठवडाभराची कमाई गमावून बसतो. गुडघा शुक्रवार मानत नाही. नववं कलम मात्र खास माझं होतं: चाचणीच्या पेशंटच्या रोजच्या व्यायामपत्रकावर खुद्द व्यवस्थापकांची सही हवी. या खेपेला कुठल्या मुलीकडे बोट करता येणार नव्हतं.

श्रीमंतांनी बारा कलमं न वाचताच सही ठोकली. घरचाच मामला आहे, म्हणाले.

राहिला पेशंट. इथे मी जे केलं ते सांगायला थोडी लाज वाटते, पण थोडीच. मी आमच्या यादीतले सर्वांत अवघड गृहस्थ निवडले. हे हज्जी, म्हणजे हजला जाऊन आलेले, बंदरावरचे निवृत्त अधिकारी. आयुष्यभर जहाजांना आवाजाने किनाऱ्याला लावलेलं. वॉर्डात त्यांनी पहिल्याच दिवशी एका थेरपिस्टला रडवलं होतं आणि एकाला नोकरी बदलण्याचा विचार करायला लावलं होतं. मी म्हटलं, हे श्रीमंतांना कच्चे खातील.

मी त्यांना विचारायला गेले की गुडघा किती वाकायला हवा, तुमचं उद्दिष्ट काय. ते अंशांबद्दल बोलायलाच तयार नव्हते. त्यांच्या घरी दिवाणिया चालते. म्हणजे बाहेरच्या बाजूची मोठी बैठक, भिंतींलगत बुटक्या गाद्यागिर्द्या, संध्याकाळी पुरुषमंडळी येतात, चहा-कॉफी होते. पाहुणा दारात आला की यजमानाने उभं राहून त्याला भेटायचं, ही रीत. दुखऱ्या गुडघ्यामुळे हज्जी वर्षभर बसूनच हात पुढे करत होते. रमझान सहा-सात आठवड्यांवर आला होता, आणि रमझानात रोज संध्याकाळी माणसांची रीघ लागते. ते म्हणाले, “मला माझ्या घरात उभं राहायचंय. बाकी तुमचे आकडे तुम्ही ठेवा.”

हे ऐकून दुसरा पेशंट शोधावा असं मनात आलं. मी ते दाबलं आणि त्यांची फाईल श्रीमंतांच्या केंद्राला पाठवून दिली.

गुरुवारी हज्जी घरी गेले. सकाळी भाई स्वतः जखमेची पट्टी बदलायला आणि इंजेक्शन द्यायला जाणार, आणि केंद्राची थेरपिस्ट रोज पावणेबारा ते साडेबारा व्यायाम घेणार, अशी घडी. रविवारी सकाळी माझ्या टेबलावर तीन दिवसांची व्यायामपत्रकं येऊन पडली. काय देखणी. गुरुवारी अठ्ठ्याऐंशी अंश, शुक्रवारी नव्वद, शनिवारी ब्याण्णव. प्रत्येकाखाली श्रीमंतांची वळणदार सही. मी ती बघत असतानाच भाईंचा फोन आला. गुडघा सुजलाय, म्हणाले, आणि मी अंश मोजायची पट्टी लावून मोजला, बासष्टच्या पुढे जात नाही. गुरुवारी एक फिलिपिनो मुलगी येऊन गेली, चांगलं काम केलं. त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

मी त्यांना शुक्रवारचं पत्रक वाचून दाखवलं. पावणेबारा ते साडेबारा, गुडघा वाकवणे, ताठ करणे, उठबस, पेशंट प्रसन्न. मग भाई हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना.

“ताई, पावणेबाराला जुम्म्याची अजान झाली. मी स्वतः त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून मशिदीत घेऊन गेलो. खुतब्याचं प्रवचन संपून नमाज होईपर्यंत ते माझ्या उजव्या हाताला होते, पाय लांब करून.”

कुवेतमध्ये राहणारा कुठल्याही धर्माचा माणूस असो, शुक्रवारी बाराच्या सुमाराला कोण कुठे असतं हे त्याला झोपेतही माहीत असतं. रस्ते ओस, दुकानं बंद. श्रीमंतांनाही माहीत होतं. पण त्यांनी गुरुवारचं पत्रक घेतलं, तारीख बदलली, आकडा दोनने वाढवला आणि वेळ तशीच राहिली. रोज दोन अंश. गुडघा नव्हे, लिफ्टच.

मला इतका आनंद झाला की मी केबिनचं दार लावून घेतलं. डोक्यात लगेच पुढचा सगळा प्रवेश उभा राहिला. आज तक्रार केली तर ते म्हणतील, कारकुनाची चूक. एक शुक्रवार म्हणजे चूक. सहा शुक्रवार म्हणजे चारित्र्य. मी थांबायचं ठरवलं. येऊ देत पत्रकं. सहाच्या सहा येऊ देत. मग एका मोठ्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत. भाईंना मी हा बेत अगदी रंगवून सांगितला. अत्तराचा उल्लेखही केला.

भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं वैर त्यांच्याशी आहे ताई. गुडघा हज्जींचा आहे.”

मी त्यांना म्हटलं की उपदेश नको. फोन ठेवला. त्यांच्या फळ्यासारखंच त्यांचं बोलणं, निघाल्याचं काही नाही, थेट पोचल्याचंच.

आणि तेव्हा मला या नव्या कराराची खरी मेख कळली. पूर्वी मी श्रीमंतांचं वाटोळं व्हावं म्हणून नवस बोलले असते तरी चाललं असतं. आता त्यांचं वाटोळं म्हणजे हज्जींचा गुडघा आखडणं, म्हणजे पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवावा लागणं, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या कपाळावर कलंकाचा टिळा, आणि रमझानात एक म्हातारा माणूस आपल्याच घरात बसून राहणं. विमा कंपनीने मला आणि माझ्या वैऱ्याला एकाच गाठोड्यात बांधलं होतं. जन्मोजन्मीच्या गाठी म्हणतात त्या याच असाव्यात.

मी दुसऱ्या शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, हज्जींच्या दिवाणियात हजर झाले. माझी सुट्टी, माझी गाडी, आणि सोबत भाई. शनिवारीही, आणि पुढे दर आठवड्याला. रविवार ते गुरुवार ती फिलिपिनो मुलगी येतच होती. हज्जींना वाटलं, हे सगळं करारातच आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आवाजाने बंदराबाहेर काढायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, हज्जी, मीही समुद्राकाठचीच आहे. मग आम्ही दोघांनी एकमेकांवर ओरडून घेतलं आणि त्यानंतर आमचं छान जमलं. बुटक्या बैठकीवरून हातांचा आधार न घेता उठायचं, हा खरा व्यायाम. पण दहा वेळा उठा म्हटलं की ते विचारायचे, कशासाठी, कोण आलंय? बरोबर होतं. पाहुणा नसताना उठणारा यजमान म्हणजे वेडा. तेव्हा भाईंनी युक्ती काढली. आलेल्या मंडळींना त्यांनी दाराबाहेर थांबवलं आणि एकेकाला आत सोडायला सुरुवात केली. प्रत्येक पाहुण्याला हज्जी उठायचे. पाहुणे संपले की तेच पाहुणे पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा यायचे. एक जाडजूड मावसभाऊ तर एका संध्याकाळी चार वेळा आले आणि दर खेपेला नव्याने तब्येतीची विचारपूस केली. तिसऱ्या आठवड्यात मंडळी स्वतःहूनच दाराबाहेर रांग लावायला लागली. मी अंश मोजायची पट्टी घेऊन कोपऱ्यात बसून लिहीत होते: अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, त्र्याण्णव. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. खऱ्या गुडघ्याचं असंच असतं.

दर रविवारी श्रीमंतांची पत्रकं येत होती. शुक्रवार, पावणेबारा ते साडेबारा, पेशंट प्रसन्न. मी ती एका लाल फायलीत लावत होते, सणाची साडी घडी घालून ठेवावी तशी.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. हज्जी सुधारले. चांगलेच सुधारले. पाचव्या आठवड्यात संचालकांनी त्यांना तपासलं आणि माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाले की हे केंद्र तर रत्न आहे. असा अवघड पेशंट, आणि काय निकाल. रमझानच्या आधीच सगळ्या गुडघ्यांचा करार करून टाकू. मी घाम गाळून श्रीमंतांच्या गळ्यात हार घातला होता. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले. त्याने चहा टाकला. त्याला लाल फाईल माहीत होती.

सहावा आठवडा संपला त्या गुरुवारी बैठक ठरली. संचालक, विमा कंपनीच्या एक बाई, श्रीमंत, भाई, मी, आणि यशाचा जिताजागता पुरावा म्हणून हज्जी व त्यांचा मुलगा. मुलगा मंत्रालयात नोकरीला. तो वडिलांना इंग्रजीचं अरबी करून सांगत होता. करार टेबलावर, शेजारी उघडं पेन. हज्जींसाठी व्हरांड्यातला बुटका सोफा आत आणला होता. अत्तर आलं, मागून श्रीमंत आले.

त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. रेघ अशी सरळ वर चढलेली की तिच्यावरून जिना बांधावा. मग ‘आमची सातही दिवसांची सेवा, शुक्रवारचीसुद्धा, आणि प्रत्येक पत्रकावर माझी जातीने नजर’, असं सगळं त्यांचं सांगून झालं. विमा कंपनीच्या बाई मान डोलवत होत्या.

मी हात वर केला. अगदी गोड आवाजात म्हटलं की शुक्रवारी काम करणारं केंद्र कुवेतमध्ये विरळाच. साहेबांनी एखादं शुक्रवारचं पत्रक सर्वांना वाचून दाखवावं, आम्हाला शिकायला मिळेल. आणि लाल फाईल पुढे सरकवली. श्रीमंत खूश झाले. त्यांनी चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचलं: पहिला शुक्रवार, पावणेबारा ते साडेबारा, गुडघा वाकवणे, ताठ करणे, उठबस, पेशंट प्रसन्न.

मुलाने वडिलांच्या कानात भाषांतर केलं. निम्म्यातच त्याचा आवाज थांबला. हज्जींनी त्याला वेळ पुन्हा विचारली. मग ते बंदरावरच्या आवाजात बोलले, आणि मुलाने मान खाली घालून त्याचं इंग्रजी केलं.

“त्या वेळी मी मशिदीत होतो. हा माझ्या शेजारी होता.” त्यांनी भाईंकडे बोट केलं. “तुमचा माणूस कुठल्या ओळीत होता?”

विमा कंपनीच्या बाईंना हसू आवरेना, त्यांनी खोकला काढला. संचालक हसले नाहीत. त्यांनी फाईल ओढून सहाही शुक्रवार टेबलावर ओळीने मांडले. एकच वेळ, एकच मजकूर, पेशंट सहाही वेळा प्रसन्न. श्रीमंतांनी थेरपिस्टच्या हलगर्जीपणाबद्दल तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर आपल्याच सहीवर गेली आणि ते तोंड तसंच बंद झालं. त्या बंद होणाऱ्या तोंडाचं चित्र काढून घेता आलं असतं तर मी ते हॉलमध्ये लावलं असतं.

मग संचालकांनी विचारलं की शुक्रवारी कोणी गेलंच नाही, तर हा गुडघा वाकवला कोणी. हज्जींना भाषांतराची वाट पाहावी लागली नाही. प्रश्न त्यांना कळला असावा. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले, बुटक्या सोफ्यावरून आधाराशिवाय उठले, पूर्ण उंचीने उभे राहिले, आणि हात माझ्याकडे केला. मुलाने भर घातली की दुसऱ्या शुक्रवारपासून संध्याकाळी याच बाई येत होत्या.

मी नाटकात असते तर इथे वाकून नमस्कार केला असता. पण संचालक माझ्याकडे बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्हाला पहिल्याच शुक्रवारपासून माहीत होतं? मी हो म्हटलं. त्यांनी करार उचलून आपल्या बाजूला ओढला आणि पेनाला टोपण लावलं. सूड पूर्ण झाला तो त्या टोपणाच्या आवाजाने, आणि तो आवाज थोडासा माझ्यासाठीही होता, हे मी मान्य करते. थोडासाच.

श्रीमंत हळूच माझ्याकडे वळले. आता ते ओशाळतील, निदान काहीतरी पुटपुटतील, म्हणून मी चेहरा उदार करून तयारीत होते. त्या सगळ्या परक्या माणसांत त्यांच्या तोंडून शुद्ध मराठीत निघून गेलं, आणि तेही दुखावलेल्या आवाजात:

“अहो बाई, तुम्ही संध्याकाळी जात होतात तर आधी सांगायचं ना, मी वेळ संध्याकाळची टाकली असती.”